फ्रीझरमधला डबा

धाकटी म्हणजे प्रयोगशाळेची शान! रक्ताच्या कर्करोगात एक बिघडलेलं जनुक किती आरडाओरडा करतंय, ते मोजणं हे तिचं काम, आणि तिचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भावोजींना तोच आजार निघाल्यावर ताईने त्यांची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेतून उचलून थेट तिच्याकडे आणली. "आपल्या माणसाच्या हातात असलेलं बरं."

तिथे चार टक्के होते. इथे आला एक! ताई फोनवरच रडली. "मेहुणीला बघून आजाराने धूम ठोकली," भावोजी म्हणाले. डॉक्टर औषध बदलणार होते, तेही म्हणाले, हेच चालू ठेवा.

त्याच्या आठच दिवस आधी एक डबा आला होता. सगळ्या प्रयोगशाळांना अगदी सारखा. आत पाच नळ्या, प्रत्येकीवर तिचा खरा आकडा. त्या तपासायच्या, आपण किती कमी-जास्त मोजतो ते काढायचं आणि पुढचा प्रत्येक रिपोर्ट तेवढा दुरुस्त करायचा. मग इथला एक आणि तिथला एक सारखाच.

"मॅडम, दुपारभराचं तर काम आहे," सोबतची मुलगी म्हणाली.

"बारा वर्षं झाली मला! आता परीक्षा देऊ? तू दे." आणि डबा गेला फ्रीझरच्या तळाशी.

पाच महिन्यांनी डब्याचे आकडे अजून का आले नाहीत, असं वरून खरमरीत पत्र आलं, तेव्हा तो निघाला. दहाच्या नळीत अडीच. चारच्या नळीत एक.

तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा एकच.

"यंत्र बिघडलं असेल का हो?"

"नाही गं," ती खुर्चीत बसली. "ते पहिल्यापासून असंच मोजतंय."

डॉक्टरांना फोन करून ती तडक ताईकडे गेली. चपलाही न काढता दारातच सगळं सांगितलं.

"म्हणजे कमी झालंच नव्हतं?" ताईने विचारलं.

"तेव्हाही चारच होते. परवा दीड आला ना, ते खरे सहा. औषध उद्याच बदलतील, पण..."

"पाच महिने झोप मात्र झकास लागली हं," भावोजी म्हणाले. कोणीच हसलं नाही.

"तो डबा कधी आला होता?" ताई म्हणाली.

खोटं बोलता आलं असतं. "यांच्या रक्ताच्या आधी."

ताईने दाराजवळच्या टेबलावरची रिपोर्टांची फाइल धाकटीच्या शेजारून उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"उद्या मी येऊ सोबत?" धाकटीने विचारलं.

"नको," आतून आवाज आला. "आम्ही जाऊ."