एक पायरी वर

दादांनी निब शाईत बुडवलं, दौतीच्या कडेला निथळवलं आणि तिसऱ्या पानाशी ते थबकले.

समोर मेहुण्याची मूळ वही उघडी होती. पियानो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, सगळ्यांचे सूर एकाखाली एक लिहिलेले. त्यातून प्रत्येक वादकाचा कागद वेगळा उतरवून काढायचा, हे दादांचं काम. तीस वर्षं हेच. क्लॅरिनेटचा कागद तेवढा जपून करावा लागे, कारण त्या वाद्यातून लिहिल्यापेक्षा एक पायरी खालचा सूर निघतो. म्हणून दादा तो एक पायरी वर चढवून उतरवत. पण या दोन ओळींत मेहुण्याने घाईघाईत सूर आधीच चढवून ठेवले होते. ते नेहमीसारखे पुन्हा चढवले, तर भर तालमीत शोभा होणार.

असल्या चुका दादा एरवी गुपचूप सावरून घेत आणि कुणाला पत्ता लागू देत नसत.

टेबलावर कार्यक्रमाची पुस्तिका पडली होती. मेहुण्याच्या जॅझ कारकिर्दीला तीस वर्षं झाली, त्याचा सोहळा. आतली मुलाखत दादांनी सकाळपासून तीनदा वाचली होती. ‘गुरू असा कोणी नाही. कानांनीच शिकवलं.’

वा रे कान! त्या कानांना पियानोजवळ बसवलं कोणी? दादा हॉटेलच्या नाचघरात पियानो वाजवत, तेव्हा हा त्याच बँडमध्ये ड्रम बडवत होता. रोज दुपारी रिकाम्या नाचघरात दादांनी त्याची करंगळी पियानोच्या पट्टीवर दाबून धरली, बाकीची बोटं सोडवली. सहा महिन्यांत मालकाने दादांना कागद उतरवायला बसवलं आणि पियानोचं स्टूल याला दिलं. पुढे धाकटी बहीणही यालाच दिली. ती मात्र दादांनी स्वतःच्या हातांनी.

बहीण दारात डोकावली.

“दादा, उद्याच्या तालमीला कागद होतील ना रे? हे म्हणतात, दादाकडे वही गेली की माझी काळजी मिटली.”

“होतील.”

ती गेली. दादांनी दोन्ही ओळी एकेक पायरी वर चढवल्या. नियमाप्रमाणेच तर केलं, त्यांनी स्वतःला बजावलं.

एरवी तालमीकडे न फिरकणारे दादा दुसऱ्या दिवशी सभागृहात मागच्या रांगेत येऊन बसले. दोन पानं झकास गेली. तिसऱ्यावर क्लॅरिनेटवाल्या बाईंचा सूर असा काही वाकडा लागला की ट्रम्पेटवाला फिस्सकन हसला. बँड थांबला. दादांना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या.

“मास्तर, माझ्या कागदावर असंच आहे,” बाई म्हणाल्या.

“बघू.”

मेहुण्याने वही आणि कागद शेजारी शेजारी धरले. आता हा कानकोंडा होणार, चारचौघांत जीभ चावणार. दादा पुढे सरकून बसले.

“मला इथे वेगळाच सूर हवा होता,” तो म्हणाला. “म्हणजे माझंच चुकलं. दादा चुकत नाहीत.”

“अहो, पण कानाला खटकतंय,” ट्रम्पेटवाला म्हणाला.

“तीस वर्षं ते माझ्या चुका न बोलता निस्तरतायत. मला काय कळत नाही? हेही त्यांनी काहीतरी बघूनच केलं असणार. थांबा जरा.”

तो पियानोवर वाकला. बाईंना तो सूर धरून ठेवायला लावला आणि स्वतः डाव्या हाताने चाचपडू लागला. नाही. हेही नाही. मग त्याने करंगळी पट्टीवर दाबून धरली आणि बाकीची बोटं सोडवून एक पट्टी खाली नेली. तोच वाकडा सूर एकदम सरळ होऊन उभा राहिला. दादांच्या अंगावर सरसरून काटा आला. सबंध रचनेत याच्याइतकी सुंदर जागा दुसरी नव्हती. वादकांनी कागदांच्या स्टँडवर बोटांनी ताल धरून दाद दिली. ट्रम्पेटवाल्याने तर मागे वळून दादांना सलाम ठोकला.

मेहुणा खाली उतरून मागच्या रांगेपर्यंत आला. वहीतल्या स्वतःच्या दोन ओळींवर त्याने काट मारली होती आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘दादा’.

“शेवटचं पान कोरंच राहिलंय. महिनाभर डोकं खाजवतोय, काही सुचत नाही. ते तुम्ही लिहा. खाली नावही तुमचंच घालू.”

याच एका वाक्यासाठी दादा तीस वर्षं आतल्या आत जळत होते.

“अरे, त्या ओळी...” त्यांनी सुरुवात केली.

“तसंच काहीतरी हवंय, दादा. जमलं तर परवापर्यंत.”

कोरं पान त्यांच्या मांडीवर ठेवून तो पियानोकडे परतला. तालीम पुन्हा तिसऱ्या पानावर आली. ती जागा येईपर्यंत दादांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं होतं. ती आली, गेली, आणि दादांना हेवा वाटला. मेहुण्याचा नव्हे. त्या दोन ओळी ज्या दादांनी समजूनउमजून लिहिल्या, असं सगळे धरून चालले होते, त्या दादांचा.

पेनातली शाई निबवर वाळून गेली.