हिरव्या झेंड्याला लोनी

आमच्या कापडगिरणीच्या वस्तीत लोनी प्रुइटच्या नावाने पोरांची बारशी झाली, पण त्याच्या नावावर एकही मोटारशर्यत नव्हती. कॅरोलायनातल्या शर्यतींचा नियमच हलकट. शर्यत सुटायचा हिरवा झेंडा पडताना गाडीत जो बसलेला, विजय त्याचा. मध्येच दुसरा बसून मरमर मेला तरी त्याला पाठीवर थाप, बास. गिरणीमालक व्हिटलीचा पोरगा क्लेटन झेंड्याला बसायचा, उन्हाने घेरी आली की उतरायचा. उरलेली शर्यत लोनी मारायचा. चषक क्लेटनला, चषक देणाऱ्या सुंदरीचा मुका क्लेटनला. लोनी सोमवारी परत गिरणीतल्या मागावर.

अठ्ठावन्न साली, सप्टेंबरातल्या मोठ्या शर्यतीला लोनी अडून बसला. झेंड्याला मीच बसणार, नाहीतर गाडी तुमची तुम्ही हाका. म्हातारा व्हिटली कबूल झाला, पण शेवटच्या फेऱ्यांना क्लेटन बसेल म्हणाला. फोटोत त्याला पोरगाच हवा होता. क्लेटन बसला की गाडी मागे पडणार, हे टायर बदलणाऱ्या मलाही कळत होतं.

लोनी पहिल्यापासून पुढे. काचेच्या जागी जाळी, तिच्यातून लाल चिखल तोंडावर. बुटाची टाच तापून वितळलेली. शेवटच्या दहा फेऱ्या उरल्या तसं व्हिटलीने मला 'आत ये' ची पाटी धरायला लावली. लोनी आला नाही. दुसऱ्या फेरीलाही नाही. क्लेटन हेल्मेट घालून नवरदेवासारखा उभा.

व्हिटली कुंपणापाशी ओराकडे, लोनीच्या बायकोकडे गेला. त्याला हात करून आत बोलाव म्हणाला, नाहीतर उद्या गिरणीचं घर खाली करा.

ओरा उकडलेले शेंगदाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "घर आम्ही सकाळीच रिकामं केलंय, मालक. ट्रक बाहेर उभा आहे."

लोनी जिंकला. आम्ही त्याला खिडकीतून ओढून काढला, उभं राहवत नव्हतं. तेवढ्यात भोंग्यावरच्या माणसाने सवयीने विजेता म्हणून क्लेटन व्हिटलीचं नाव पुकारलं. सगळा माळ खवळला. लोनी लंगडत भोंगेवाल्यापाशी गेला.

"आता नीट सांग."

त्याने लोनीचं नाव सांगितलं.

"अजून एकदा. माझी बायको लांब उभी आहे."

ट्रकमध्ये चषकाला जागा नव्हती. ओराने मोडकी खुर्ची खाली उतरवली आणि व्हिटलीला बसायला तिथेच ठेवली.