पंखांवरची भुकटी

"तोंड बांधून घे गं पोरी. ही भुकटी दिसते पावडरसारखी, पण छातीत जाऊन बसते."

पाखरांच्या खोलीच्या दारात आक्का हे म्हणाली तेव्हा नव्या बाईला हसूच आलं होतं. आक्का काम सोडून चालली होती आणि तिच्या जागी ही रुजू होत होती. आक्काने स्वतःच्या गळ्यातला जुन्या ओढणीचा पट्टा सोडून पुढे केला. घामट, धुऊन धुऊन विरलेला. हिने तो दोन बोटांत धरला आणि दाराच्या खिळ्याला अडकवून टाकला.

"अहो आक्का, विष थोडंच आहे हे? पतंगाच्या पंखांवरची धूळ ती!"

"विष नाही ते मलाही कळतं." आक्का खोकली, भिंतीला हात टेकून पुन्हा खोकली. "बघ बाई. तू शिकलेली आहेस."

हा टोमणा होता की कौतुक, ते तिला कळलं नाही. तिने ते कौतुक म्हणून घेतलं.

विष नाही, याचसाठी तर ती इथे आली होती. नवऱ्याने आधी फवारणीच्या औषधांच्या दुकानात तिच्यासाठी शब्द टाकला होता. बसून करायचं काम, वर पंखा. पण तिची लेक ठकी तेव्हा अंगावर पीत होती. "तो वास अंगाला घेऊन लेकराला जवळ घेऊ?" असं म्हणून तिने ते काम उडवून लावलं. एरवीही ती भित्रीच. ठकीचा चमचा उकळायची, उकळलेला चमचा पुसायचं फडकंही उकळायची. ठकी जरा जास्त वेळ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. नवरा म्हणायचा, "अगं, घेऊ दे तिला श्वास! सारखी काय तिच्या दारात उभी राहतेस?"

तर अशा बाईला मित्रकीटकांचं केंद्र म्हणजे सुरक्षित जागा वाटली, यात नवल नव्हतं. तिथलं काम असं. धान्यात जाळी करणारा एक राखाडी पतंग असतो, घराघरातल्या डब्यांत होतो तोच. भरडलेल्या धान्याच्या ट्रेमध्ये तो मुद्दाम वाढवायचा. पतंग निघाले की नळीने ओढून जाळीच्या डब्यात घालायचे. ते अंडी घालतात, ती चाळायची, फुंकर मारून साफ करायची आणि डिंक लावलेल्या कागदाच्या पट्टीवर पसरायची. मग त्या पट्टीवर सोडायची एक गांधीलमाशी. नावाला गांधीलमाशी, आकाराने टाचणीच्या टोकाएवढीही नाही. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. पट्टी काळी पडली की समजायचं, आत माशीचं पिल्लू धरलं. हेच ट्रायकोकार्ड. शेतात पानाच्या खालच्या बाजूला टाचायचं; माश्या बाहेर पडतात आणि किडीची अंडी शोधून ती पोकळ करून टाकतात. अळी जन्मालाच येत नाही. थेंबभर औषध लागत नाही.

हे सगळं ती घरी रंगवून सांगायची. सांगताना केसांतून पांढुरकी भुकटी झडायची आणि ठकी ती टिपायला बोटं पुढे करायची.

खोलीत पंखा लावायची सोय नव्हती. पतंग भेलकांडतात आणि अंडी उडतात. खिडक्यांना बारीक जाळी, दार कायम ओढलेलं. सकाळच्या तिरप्या उन्हात ती भुकटी हवेत तरंगताना दिसायची, आणि खरं सांगायचं तर ती सुंदर दिसायची. हिला शिंका यायच्या. मग डोळे चुरचुरायला लागले. मग संध्याकाळी बारीक खोकला. तिने चुलीला, हवेला, थंड पाण्याला, सगळ्यांना बोल लावून पाहिला. ठकी साधं शिंकली की दवाखाना गाठणारी बाई. स्वतःच्या खोकल्याला मात्र तिने लवंगेवर भागवलं.

ज्या दिवशी तो प्रकार झाला, त्या दिवशी ती टोमॅटोच्या एका मळ्यात कार्डं लावलेली बघायला गेली होती. बांधावर पोचली तोच पंपाचा आवाज कानावर आला. कार्डं आदल्याच दिवशी टाचलेली, आणि मळेवाला पाठीवर पंप, तोंडाला पंचा बांधून खुशाल फवारत चाललेला.

"अहो दादा! हे काय चालवलंय?"

"या ताई, या. कालच टाचली बघा तुमची कार्डं. सगळी पानाच्या खाली, सांगितलंत तशीच."

"मग फवारताय कशाला? माश्या मरतील ना सगळ्या!"

"खात्रीसाठी हो." पंचा खाली ओढून तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमच्या माश्या तर मला दिसतपण नाहीत. कागदावर मिरी सांडल्यासारखे ठिपके. आता त्यांच्या भरवशावर मी झोपू? अळी फळात शिरली म्हणजे तुम्ही येणार आहात काढायला?"

"अळी व्हायच्या आधीच तर त्या..."

"त्या पण राहू द्या, हे पण राहू द्या. दोघं मिळून मारतील की!"

त्याची बायको पलीकडून ओरडली, "ताई, त्यांना सांगून उपयोग नाही. घरात उंदराच्या पिंजऱ्याशेजारी विषाची गोळी ठेवणारा माणूस आहे तो. वर मांजरही पाळलंय!"

हिला हसू आलं, रागही आला. कितीतरी सकाळी भुकटीत बसून, तिने फुंकून फुंकून केलेली कार्डं होती ती. तिने बोलायला तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. श्वास आत जात होता, पण बाहेर पडेना. छातीवर कोणीतरी गुडघा टेकवून बसल्यासारखं झालं. ती बांधावर खाली बसली. मळेवाल्याने पंप तिथेच टाकला आणि धावत आला. "अगं पाणी आण! औषध लागलं बाईंना! मी किती वेळा म्हणतो, वाऱ्याच्या दिशेला उभं राहू नका!"

औषध लागलं, असंच सगळे म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे होतात?" नवऱ्याने सांगितलं, "फवारणीत." डॉक्टरांनी मान हलवली आणि त्यावरच औषध लिहून दिलं. खोलीबद्दल कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही, कारण तिच्या मनात ते आलंच नाही. उलट, इतके दिवस आपण जे सांगत होतो ते खरं ठरलं, असं कुठेतरी समाधानच वाटलं. बघा, एकदा नुसत्या वाऱ्याने हे झालं. म्हणून म्हणते, विष नको. जरा उठून बसता आलं तशी ती पुन्हा पाखरांच्या खोलीत गेली. शेतातलं काम केंद्राच्या साहेबांनी तिच्याकडून काढून घेतलं होतं. "तुम्ही आता आतच बसा. आत सुरक्षित."

मग ती दिवसभर आतच बसली. महिनेच्या महिने.

कळलं ते ठकीमुळे. ठकीला कांजिण्या आल्या म्हणून हिने रजा घेतली आणि पोरीच्या उशाशी ठाण मांडलं. पोरगी बरी होत आली तेव्हा नवरा सहज म्हणाला, "एक लक्षात आलं का तुझ्या? तुझा खोकला बंद आहे."

खरंच बंद होता. जिना चढताना ती मधे थांबलीही नव्हती. रजा संपवून ती कामावर गेली, खोलीचं दार ओढलं, पहिला ट्रे उघडला. पतंग फडफडले, उन्हात भुकटी उठली. आणि बांधावरचा तो गुडघा पुन्हा छातीवर येऊन बसला.

ती बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिली. इथे ना पंप, ना औषधाचा वास. विष कुठेच नव्हतं.

यावेळी डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाठीला नळी लावून ऐकलं. "आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, त्याने काही होत नाही."

"काम सोडा, आजच्या आज."

"सोडलं की बरं होईल ना?"

त्यांनी नळी गुंडाळून खिशात ठेवली. "आणखी बिघडायचं थांबेल, अशी आशा करू."

साहेब मनाने वाईट नव्हते. ऐकून खरोखर चपापले. "मास्क मागवतो," म्हणाले, आणि मागवलेही. मग अडखळत म्हणाले, "पण खोली बंद ठेवता येणार नाही. पतंग काही रजा घेत नाहीत. तुमच्या ओळखीत कोणी आहे का, विश्वासातलं?"

ती नाही म्हणाली. पण तिची धाकटी बहीण तेव्हा ठकीला सांभाळायला आली होती आणि डबा पोचवायच्या निमित्ताने केंद्रात सगळ्यांशी गप्पा मारून आली होती. धाकटी म्हणजे बोलण्याचा कारखाना. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईची तीन पिढ्यांची माहिती काढून उतरणारी. ती परस्पर हो म्हणून आली.

"तू वेडी आहेस का? माझं काय झालंय ते दिसत नाही तुला?"

"ताई, तू लहानपणापासून नाजूकच. तुला तर मांजराच्या केसांनी पण शिंका यायच्या. आणि मी घरी बसून काय करू? लोणच्यासारखी मुरू?"

"मास्क काढणार नाहीस?"

"नाही गं बाई. झोपतानासुद्धा घालते, मग तर झालं?"

आईला फोन केला. आई म्हणाली, "मला काय तिच्यासमोर बोलता येतं का? तूच समजाव." समजावलं, रागावली, रडून झालं. धाकटीने मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेली.

पुढे नवऱ्याने बदली मागून घेतली. आता ते लांबच्या शहरात, रस्त्यापासून आत असलेल्या घरात राहतात. तळमजला बघूनच घेतला. ठकी चार वर्षांची झाली. दुकानातून येताना "कडेवर घे" म्हणायची, ते तिने आपणहून सोडून दिलं. आई थांबली की तीही थांबते आणि कुणाच्या तरी कुंपणातली फुलं बघत असल्याचं नाटक करते. एवढंसं पोर आणि नाटक करते. आईला तेच सगळ्यात जास्त सोसत नाही.

धाकटीचा फोन येतो. ती केंद्राने राहायला दिलेल्या खोलीत राहते, लग्नाचं बोललं की टाळते. हिने विचारायचं, "कशी आहेस?" तिने म्हणायचं, "मस्त." "मास्क घालतेस ना?" "हो." पूर्वी एका प्रश्नाला अर्धा तास पुरायचा नाही. आता 'हो', 'नाही', 'मस्त', 'ठेवते'. हिला वाटतं, कामात असेल. मग वाटतं, रागावली असेल. रागावली असावी, असंच ती मनाशी घोकत राहते. तिथवरचा प्रवास हिच्या छातीला झेपणार नाही म्हणून तिने नवऱ्याला पाठवलं, तर तो येऊन म्हणाला, "चांगली दिसली की. चहा दिला." पुरुषांना काय दिसतं!

म्हणून त्या बाजूला जाणारं कोणी भेटलं की ती थांबवून सांगते, ओळख असो वा नसो. तुम्हालाही तेच सांगायचं आहे. जाणार असाल तर मित्रकीटकांच्या केंद्रात जरा डोकवा. मागच्या अंगाला, जाळीच्या खिडक्यांची खोली. कशी आहेस, असं धाकटीला विचारू नका. ती मस्त म्हणेल. तिला एखादी लांबलचक गोष्ट सांगायला लावा, शेजारच्यांची, भांडणाची, कसलीही. तिला आवडतं ते. तुम्ही फक्त ऐका, एक वाक्य तरी ती न थांबता पुरं करते का. आणि मग मला, तिच्या ताईला, कळवा.