टॅलबर्टचं विमान

वेंडेल स्ट्रॉडला टॅलबर्टहून फोन आला तेव्हा तो डॅब्नी कॉलेजच्या मैदानावर, डिसेंबरच्या बोचऱ्या वाऱ्यात, आपल्या संघाच्या पोरांवर ओरडत उभा होता. फोन होता ग्रेडी पेलचा. टॅलबर्टला शिकताना हे दोघं एका खोलीत राहिलेले, एकाच संघातून फुटबॉल खेळलेले, तोही चेंडू हातात घेऊन धडका मारायचा अमेरिकन फुटबॉल. ग्रेडी आता टॅलबर्ट युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचा प्रमुख झाला होता. कोच नेमायचा अधिकार त्याचा आणि हाकलायचाही त्याचाच. मागच्याच आठवड्यात त्यानं फुटबॉलच्या कोचला हाकललं होतं.

"वेन, घरी यायचं का रे?" ग्रेडी एवढंच म्हणाला.

झालं. पन्नाशी उलटलेला, चांगला सहा फुटी धिप्पाड माणूस, पण पोरांकडं पाठ फिरवून त्यानं बाहीनं डोळे पुसले. घर म्हणे! या टॅलबर्टनं त्याला दिलं तरी काय होतं? चार वर्षं धडका खाल्ल्या, एक गुडघा कायमचा कामातून गेला. पुढं सहायक कोचच्या जागेसाठी त्यानं दोनदा विचारलं, तर कुणी साधं 'नाही' कळवायचीही तसदी घेतली नाही. पण माणसाचं तसंच असतं. सासरी दुधातुपात लोळणाऱ्या बाईलाही माहेरचं कुत्रं दिसलं तरी भरून येतं. स्ट्रॉडचा बाप ट्रक चालवायचा. शनिवारी तो कुठल्याही राज्यात असो, गाडी कडेला लावून रेडिओवर टॅलबर्टचा सामना ऐकायचा. पोरगा पहिल्यांदा ती लाल बंडी घालून मैदानात उतरला, त्या दिवशी तो म्हातारा चारचौघांत रडला होता. हे सगळं स्ट्रॉडच्या रक्तात होतं. ते काढून टाकणं त्याच्या हातात नव्हतं.

आणि डॅब्नी स्टेट? डोंगरातलं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं कॉलेज. स्ट्रॉड आला तेव्हा मोठी कॉलेजं डॅब्नीला खेळायला बोलवायची ती फक्त आपल्या लोकांपुढं एक सोपा विजय मिळवायला. त्यानं सात-आठ वर्षं हाडाची काडं करून तो संघ उभा केला. यंदा डॅब्नीनं आपल्या गटाचं अजिंक्यपद घेतलं आणि नाताळानंतरच्या मानाच्या सामन्याचं बोलावणं आलं. कॉलेजचं लेमाँट गाव वेडं व्हायचं बाकी राहिलं होतं. मेन स्ट्रीटवरच्या कॅफेत त्याच्या नावाचं सँडविच होतं, 'द कोच'. न्हाव्यानं त्याच्याकडून पैसे घेणं सोडून दिलं होतं.

कॉलेजच्या अध्यक्ष डॉक्टर ओक्सबाईंनी नवा पाच वर्षांचा करार त्याच्यासमोर ठेवला होता. शाळा संपवून येणारी नवीन खेळाडू मुलं महिनाअखेरच्या आत आपापलं कॉलेज पक्कं करतात, आणि दुसऱ्या संघांचे लोक त्यांच्या घरोघरी जाऊन सांगत होते की स्ट्रॉड काही तिथं टिकायचा नाही. म्हणून बाईंना सही लगेच हवी होती. स्ट्रॉडनं सोमवारपर्यंत मुदत मागितली. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि सोमवार म्हणजे सोमवार, एवढंच म्हणाल्या.

आता या धंद्यातली एक गोष्ट. इथं खेळाडू मैदानावर मिळत नाही, तो त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात मिळतो. कोच स्वतः घरी जातो, ती वाढेल ते खातो, आणि ती विचारेल त्याला उत्तर देतो. ओरेन मॅब्री नावाच्या पोरासाठी स्ट्रॉड असाच गेला होता. खेळाडूंच्या फळीच्या मधोमध उभं राहून चेंडू मागं द्यायचा आणि पुढच्या क्षणी समोरचा डोंगराएवढा गडी अंगावर घ्यायचा, हे काम तसं करणारा मुलगा त्यानं पाहिला नव्हता. मोठमोठी कॉलेजं ओरेनच्या मागं होती. त्याची आई वेल्मा इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. तिनं मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ वाढली, आणि मैदान, जर्सी, टीव्ही यातलं काही न विचारता एकच विचारलं: पोराच्या हातात पदवी पडेपर्यंत तुम्ही तिथं असाल का? स्ट्रॉडनं टेबलावर पंजा ठेवला आणि म्हणाला, "असेन." त्या एका शब्दावर ओरेन डॅब्नीला आला. त्याचं आता तिसरं वर्ष चालू होतं.

गावात कुजबुज सुरू झाली तसा ओरेनच सगळ्यांत आधी त्याच्या खोलीत आला. आडपडदा न ठेवता त्यानं विचारलं, कोच, तुम्ही जाताय का?

"मी आज इथंच आहे ना?" स्ट्रॉड म्हणाला.

हे वाक्य या देशातला प्रत्येक कोच जाण्याच्या आधी म्हणतो. प्रत्येक खेळाडूला ते ठाऊक असतं. ओरेननं मान डोलावली आणि तो सरावाला गेला. स्ट्रॉडला स्वतःची लाज वाटली, पण ती संध्याकाळपर्यंतच टिकली. रात्रीच्या जेवणाला त्याच्या मनात टॅलबर्टचे मांडे भाजणं पुन्हा सुरू झालं होतं.

त्याची बायको नोरीन स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, ग्रेडी आपल्या लग्नाला आला नाही, तुझा बाप गेला तेव्हा त्याला दोन ओळी लिहायला जमलं नाही, आणि आज त्याला घर आठवलं? स्ट्रॉड म्हणाला, मोठ्या जागेवरचा माणूस आहे, त्याला हजार कामं. मग ग्रेडी शुक्रवारी विमानानं भेटायला येतोय हे कळलं तेव्हा तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तीन तासांचा रस्ता आहे," ती म्हणाली. "गाडीनं का येत नाही?"

स्ट्रॉडलाही आधी तेच वाटलं होतं. कोचची जागा रिकामी झाली की इकडं निम्मं राज्य फोनवर विमानं बघत बसतं. कॉलेजला पैसा पुरवणाऱ्या कुठल्या धनिकाचं विमान कुठून उडालं, कुठं उतरलं, यावरून कुणाशी बोलणी चालली आहेत ते ताडतात. विमानांच्या शेपटीवरचे आकडे लोकांना तोंडपाठ. स्ट्रॉड स्वतः या वेडेपणाला हसायचा. म्हणून त्यानं ग्रेडीला सांगितलंही होतं, तू गाडीनं ये, नाहीतर मी अर्ध्या वाटेवर येतो. त्यावर ग्रेडी म्हणाला, तुझ्यासाठी विमान नको? तू काय कुणी ऐरागैरा आहेस का? आणि हा विरघळला! एवढी अक्कल असलेला माणूस, समोरच्या संघाच्या अकरा जणांची चाल ओळखणारा, त्याला एका माणसाची चाल ओळखता येऊ नये? पण ज्यानं आधीच गुडघ्याला बाशिंग बांधलंय, त्याला कोण काय सांगणार.

शुक्रवारी दुपारी लेमाँटच्या चिमुकल्या धावपट्टीवर लाल पट्ट्याचं विमान उतरलं. धावपट्टीशेजारच्या थंडगार खोलीत दोघं बोलत बसले. ग्रेडीनं जुन्या आठवणी काढल्या, घरमालकिणीच्या नकला केल्या, हरलेल्या एका सामन्यावर दोघं पोट धरून हसले. मग त्यानं कुठले सहायक बरोबर आणशील ते विचारलं. स्ट्रॉडनं नावं सांगितली. पहिल्या वर्षी काय करशील ते विचारलं, तर यानं टॅलबर्टच्या संघाचं आख्खं दुखणं आणि त्यावरचं औषध मांडून दाखवलं. वर्षानुवर्षं रात्री पडल्या पडल्या त्यानं ते मनात रचलेलं होतं. कागद मात्र ग्रेडीनं एकही काढला नाही. विश्वस्तांच्या सह्या राहिल्यात, रविवारी सगळं येईल, असं म्हणाला.

निघताना ग्रेडीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला थेट विमानाच्या पायऱ्यांपर्यंत नेलं. तिथं तो बराच वेळ थांबला. हात हातात घेतला, काहीतरी बोलून हसला, पुन्हा मिठी मारली. कुंपणापलीकडं दोन गाड्या उभ्या होत्या. स्ट्रॉडनं त्या पाहिल्या. पाहूनही तो हलला नाही, कारण त्या क्षणी त्याला वाटत होतं की बघू देत, सगळ्या जगाला बघू देत.

तो घरी पोचायच्या आत त्या मिठीचा फोटो घराघरांत पोचला होता. डॅब्नीचं निळं जाकीट अंगात, आणि टॅलबर्टच्या माणसाच्या गळ्यात गळा. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेच्या फळ्यावर सँडविच तसंच होतं, फक्त नाव पुसलेलं. वाढणारी बाई त्याच्या कपात कॉफी ओतून निघून गेली, एरवी ती दहा मिनिटं हलायची नाही. नव्या मुलांच्या घरून फोन आले, दोघांनी तर सरळ नकार कळवला. वेल्मा मॅब्रीचाही फोन आला. तिचं नाव बघून स्ट्रॉडनं फोन उलटा ठेवला. रविवारी सगळं पक्कं झालं की तिच्याशी नीट बोलू, असं त्यानं ठरवलं.

रविवारी दुपारी टॅलबर्टनं आपला नवा कोच जाहीर केला. ब्राइस केटरिंग. पश्चिमेकडच्या एका बड्या संघाचा बडा माणूस, गेला आठवडाभर तो हो-नाही करत अटी वाढवत बसला होता. स्ट्रॉडला हे टीव्हीवरून कळलं. नोरीन शेजारीच उभी होती. तिनं टीव्ही बंद केला आणि त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ग्रेडीचा फोन आला. त्याच्या आवाजात अपराधाचा मागमूस नव्हता, उलट खूश होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस रे," तो म्हणाला. "केटरिंग आम्हाला नुसता झुलवत होता. तुझा फोटो बघितला आणि तासाभरात सही करून मोकळा झाला. टॅलबर्टसाठी तू केलंस ते मी विसरणार नाही, वेन."

त्याच्या सात पिढ्या उद्धरायला हव्या होत्या. दुसरा कुणी असता तर फोन भिंतीवर फेकला असता. आणि आमचा हा शहाणा काय म्हणाला? "चांगला माणूस मिळाला तुम्हाला." असं म्हणाला! वर 'तुम्हाला' म्हणताना त्याला दुखलं ते वेगळंच. असल्या मेल्या प्रेमाला काय म्हणावं!

सोमवारी तो मुदतीप्रमाणे ओक्सबाईंकडं गेला. टेबलावर कागद नव्हता. बाईंनी त्याला बसायला सांगितलं, आवाज चढवला नाही. नवा करार परत घेतलाय, म्हणाल्या. जुन्याचं एक वर्ष उरलंय, ते कॉलेज पाळेल. "आम्ही दिलेला शब्द पाळतो," असं म्हणून त्या दुसरी फाइल वाचायला लागल्या.

मग त्यानं संघाला एकत्र बोलावलं. पोरं खुर्च्यांवर बसली होती, कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. मी इथंच राहतोय, असं तो म्हणाला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. स्ट्रॉडला ते हसणं रास्तच वाटलं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हातात धुपाटणं घेऊन हा माणूस सांगतोय की मी तुमच्यासाठी थांबलो. त्यानं मानाच्या सामन्याबद्दल दोन शब्द बोलून पोरांना सोडून दिलं.

सगळे गेल्यावर ओरेन मागं राहिला. स्ट्रॉडच्या मागोमाग तो त्याच्या खोलीत आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. दुसऱ्या कॉलेजात जायचं तर मुलांना नव्या वर्षात तशी मुभा मिळते, आणि निरोप त्याच्या आधीच फिरायला लागतात. ओरेनलाही निरोप आला होता. केटरिंगला फळीच्या मधोमध तो हवा होता.

"टॅलबर्टहून," ओरेन म्हणाला. "आई म्हणाली, कोच तिथलेच आहेत, त्यांनाच विचार. खरं सांगा, कोच. कशी आहे जागा?"

स्ट्रॉड खुर्चीत बसला. जिभेवर सगळं आलं होतं. ती माणसं तुला वापरतील, गुडघा फुटला की नाव विसरतील. तुझी गरज आहे तोवर मिठ्या मारतील, पोरा, माझ्याकडं बघ. पण हे सांगायचं म्हणजे पुढं 'थांब' म्हणायला हवं, आणि ते कुठल्या तोंडानं म्हणणार? वेल्माच्या टेबलावर ठेवलेला पंजा तर त्यानंच उचलून घेतला होता. हे एक. आणि दुसरं त्याहून वाईट, जे त्याला तिथं बसल्या बसल्या कळलं. एवढं सगळं होऊनही टॅलबर्टला वाईट म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती.

"चांगली आहे," तो म्हणाला. "तू पहिल्यांदा मैदानाच्या बोगद्यातून बाहेर येशील ना, तेव्हा ऐंशी हजार माणसं उठून उभी राहतील. तसं दुसरीकडं कुठं नाही."

"मग जाऊ?"

"जा."

ओरेनला अजून काहीतरी ऐकायचं आहे असं दिसत होतं, पण स्ट्रॉड टेबलावरचे कागद सारखे करत होता. पोरानं टोपी डोक्यावर चढवली, दारापर्यंत गेला आणि वळला.

"आईला मी सांगून आलो होतो, कोचनी थांब म्हटलं तर मी थांबणार," तो म्हणाला. "एवढं एक म्हणायचं होतं तुम्ही."

दार त्यानं आवाज न करता ओढून घेतलं. चांगल्या वळणाचा मुलगा होता.