जुन्यातून नव्यात

“बावीस तास? एवढ्यात माणूस परदेशात जाऊन परत येईल!”

ट्रंकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ तोंड नेलं. हिरवी रेघ जेमतेम नखाएवढी भरली होती.

“आई, नवा कम्प्युटर आहे. सगळं नव्यानं उतरवून घ्यायला वेळ लागणारच,” मुलगा दारातून म्हणाला. “उद्या खेळ की. तुझा गेम काय पळून चाललाय?”

“जुना कुठंय?”

“बाल्कनीत. उद्या भंगारवाला येतोय. अगं, सरप्राइज होतं तुला! जरा खूश तरी हो.”

“खूश आहे रे,” त्या म्हणाल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रविवार, दुपारचे बारा. हातात पाच तास होते.

ट्रंकबाई हे त्यांचं कामावरचं नाव. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं त्या ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसल्या. कानाला जड हेडफोन, समोर शेकडो भोकं आणि हातात दोऱ्या. या गावची दोरी त्या गावच्या भोकात खोचली की दोन माणसं बोलू लागायची. कुणाची मयत, कुणाचं लग्न, कुणाला मुलगा झाला. जोड लागली की आपला कान काढून घ्यायचा, हा तिथला नियम. कोण, कुठून, कशाला, हे विचारायचं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एकही जोड चुकीची लावली नाही, आणि कुणाला काही विचारलंही नाही.

नवरा गेल्यावर मुलानं हा खेळ लावून दिला होता. नदीकाठचं एक गाव, प्रत्येकाला थोडं शेत, थोड्या कोंबड्या, आणि जगभरची माणसं एकमेकांची शेजारी. ट्रंकबाईंच्या शेताला लागून ‘पावशेर’चं शेत होतं. “उंचीवरून पडलंय नाव,” तिनं पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. त्याला आता नऊ वर्षं झाली. दर रविवारी पाच वाजता दोघी नदीच्या धक्क्यावर बसायच्या आणि टाइप करत गप्पा मारायच्या. गुडघे, गोळ्या, सुना, लहानपणीची शाळा. नाव-गाव मात्र विचारायचं नाही, असं ट्रंकबाईंनीच ठरवलं होतं. सवयच ती. पावशेर हसली होती. “बरं बाई, तुझा कायदा!”

मागच्या रविवारी पावशेरनं लिहिलं, “घर विकलं मुलानं. मला वृद्धाश्रमात ठेवतोय. तिथे कम्प्युटर नाही. पुढच्या रविवारी सहाला माझा कम्प्युटर न्यायला माणूस येणार. पाच ते सहा मी आहे. त्या दिवशी तुझा कायदा मोडायचा. नाव आणि नंबर घेतल्याशिवाय सोडायची नाही तुला.”

आणि शनिवारी संध्याकाळी ट्रंकबाई देवळातून परत येईपर्यंत मुलानं नवा कम्प्युटर मांडून ठेवला होता.

खेळ मोबाइलवर चालत नव्हता. त्यांनी मोबाइलवर उपाय शोधला. खेळणाऱ्यांच्याच एका पानावर कुणीतरी युक्ती सांगितली होती. सगळं नव्यानं उतरवायची गरज नाही. जुन्या कम्प्युटरवरचा खेळाचा फोल्डर उचलून नव्यात टाका, मग तो नुसता तपासतो आणि उणं असेल तेवढंच ओढून घेतो. त्यांनी सुनेकडून तिची फोटो साठवायची डिस्क मागून घेतली. जुना कम्प्युटर बाल्कनीतच स्टुलावर मांडला, वायरा जोडल्या. त्यावरच खेळता आलं नसतं, नेट पकडणारा त्याचा भाग मुलानं काढून नव्यात बसवला होता. तासाभरात खेळ डिस्कवर आला, आणखी पाऊण तासात नव्या कम्प्युटरवर. दुसऱ्याची वस्तू रिकामी करून परत द्यावी, या शिस्तीनं त्यांनी डिस्कवरच्या खेळाची नुसती प्रत काढली नाही, तो उचलूनच हलवला. मग इन्स्टॉलचं बटण दाबलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला. फोल्डर पुसला गेला. पुन्हा रेघ आली. पुन्हा बावीस तास.

मोबाइल डोळ्यांशी धरून त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. बारीक अक्षरातली ओळ राहून गेली होती. आधी नव्यावर इन्स्टॉल सुरू करायचं, लगेच थांबवायचं, आणि मग जुनं त्यात ओतायचं. त्यांनी उलट केलं होतं. आणि डिस्कही स्वतःच्या हातानं रिकामी केली होती.

“शाबास ट्रंकबाई,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “म्हणे एकही जोड चुकली नाही.”

अडीच वाजले होते. त्या पुन्हा बाल्कनीत गेल्या. जुना कम्प्युटर या खेपेला चालू व्हायलाच वीस मिनिटं घेऊन बसला. मग तासभर तो कण्हत राहिला आणि त्या शेजारी उभ्या राहिल्या. खुर्ची आणायचंही सुचलं नाही. या वेळी सगळं क्रमानं केलं. पाचला दहा कमी असताना खेळानं फोल्डर ओळखला. तपासून झालं. अठ्ठ्याण्णव टक्के. उरलेले दोन टक्के इंटरनेटवरून यायचे होते आणि ते मुंगीच्या पावलानं येत होते. खाली लिहिलं होतं, दीड तास.

त्या बैठकीच्या खोलीत आल्या. मुलगा टीव्हीवर मॅच बघत होता, तीही नेटवरच. सून आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर शिवणाचा क्लास घेत होती.

“अरे, अर्धा तास नेट मला एकटीला सोडशील का?”

“आई, आता? ऐन रंगात आलीये गं मॅच.”

“नंतर बघ ना.”

“मॅच नंतर बघतात का? तुझा गेमच आहे ना? तो नंतर होईल.”

त्या आतल्या दाराशी गेल्या. सुनेनं माइकवर हात ठेवला. “आई, बावीस बायका जोडल्यात हो. सहाला संपतोय क्लास. तोवर राहू द्या ना तुमच्या कोंबड्या उपाशी!” लॅपटॉपमधून दोघीतिघी हसल्या.

‘माझी मैत्रीण आहे तिथे,’ हे शब्द ट्रंकबाईंच्या ओठांवर आले होते. पण लगेच प्रश्न आला असता, कोण मैत्रीण? नाव काय तिचं? कुठली? नऊ वर्षांची मैत्री आणि सांगायला ‘पावशेर’ एवढंच. हसण्यावारी गेली असती.

“बरं,” त्या म्हणाल्या.

परत येऊन त्या खुर्चीत बसल्या. साडेपाच. पावणेसहा. धक्क्यावर ती एकटी बसली असेल. पाच मिनिटं उशीर झाला की “मेलीस की काय?” असं लिहायची. आज काय लिहीत असेल?

सहाला क्लास संपला, मॅचही आटोपली. रेघ सरसर धावली. सहा वाजून आठ मिनिटांनी खेळ उघडला.

नदी वाहत होती. धक्का रिकामा होता. पावशेरचं नाव करडं झालं होतं, म्हणजे ती गेली होती. पण पत्रांच्या पेटीत एक पत्र होतं, पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांचं.

“ट्रंके, तासभर बसले. तू यायला चुकणार नाहीस, काहीतरी अडलं असणार. माणूस आलाय, दारात उभा आहे, म्हणून घाईत लिहिते.” पुढे तिचं नाव होतं. साधंच, पूर्वी शाळेच्या प्रत्येक वर्गात एकीचं तरी असायचं असं. “पत्ता मला अजून पाठ नाही. तिथल्या फोनचा नंबर हा ★★★★★★★★★★. सकाळी दहाला कर. फोन कचेरीत आहे, मी रोज दहाला तिथे जाऊन बसेन.”

ट्रंकबाईंनी ताऱ्यांवर बोट ठेवून पाहिलं, दाबून पाहिलं. मग खालची बारीक ओळ वाचली. या खेळात फोन नंबर पाठवता येत नाहीत. खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी ते आपोआप झाकले जातात. नऊ वर्षांत दोघींनी एकमेकींना एकही नंबर लिहिला नव्हता. कळणार कसं? आज वेळेवर धक्क्यावर असत्या तर एकेक आकडा अक्षरांत लिहून घेतला असता. नऊ, चार, शून्य. जन्मभर त्यांनी तेवढंच तर केलं होतं.

“झाला का गं सुरू?” मुलगा डोकावला. “बघ! बावीस तास म्हणत होतीस. सहा तासांत लागला.”

“हो,” त्या म्हणाल्या. “लवकर लागला.”

तो गेल्यावर त्यांनी कागद घेतला आणि सगळं पत्र सावकाश उतरवून काढलं. तारेसुद्धा. एकेक, पाच टोकांचा, नीट काढलेला, दहाच्या दहा.