नारिंगी बाटल्या

आल्बन लेंडोरने आपल्या पिंजऱ्यांच्या बोया नारिंगी रंगवल्या, तेव्हा टिरेल बेच्या धक्क्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बोया म्हणजे ब्लीचच्या रिकाम्या बाटल्या. माशांचा पिंजरा तळाशी सोडायचा, दोरीचं वरचं टोक बाटलीला बांधायचं, की झाली खूण. कारिआकू बेटावर प्रत्येक कोळ्याची बाटली पांढरीच असते, कारण ती दुकानातून पांढरी येते आणि रंगवत बसायची हौस कुणाला नसते. आल्बनला साठी उलटल्यावर ती झाली होती.

"बाटल्यांचं लग्न काढलंस की काय रे?" कॉन्रॉयने भर धक्क्यावर विचारलं. "आणि शेजाऱ्याला आमंत्रण नाही?"

"तुझ्या बाटलीत कायम खडखडाट. तिला सून म्हणून कोण करून घेणार?"

लोक हसले आणि गोष्ट हसण्यावारी गेली. आल्बनला तेच हवं होतं.

खरं कारण असं, की पांढऱ्या बाटल्या त्याला दिसेनाशा झाल्या होत्या. बघेल तिथे मधोमध धुरकट डाग, कडेने मात्र सगळं जागच्या जागी. माणसाकडे सरळ पाहिलं की कान दिसायचे, चेहरा गायब. म्हणून हल्ली तो जरा तिरकंच बघायचा, आणि आल्बन म्हातारपणी शिष्ट झाला असं लोक म्हणायचे. शिष्ट म्हटलेलं त्याला चालत होतं. इंजिनाचा पट्टा आणायचं निमित्त करून तो सेंट जॉर्जेसला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला होता. गेलेलं परत यायचं नाही आणि होडी आता दुसऱ्याच्या हातात द्या, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. आल्बनने शहाण्या मुलासारखी मान डोलावली, पट्टा विकत घेतला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या 'पर्ल' होडीचं सुकाणू धरून उभा राहिला. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. 'पर्ल' सुटली, तर चिंचेखालच्या बाकावर डोमिनो आपटणाऱ्या म्हाताऱ्यांत आणखी एकाची भर पडणार होती. त्या बाकाची त्याला समुद्रापेक्षा जास्त भीती वाटायची.

'पर्ल'वर पाहुणे यायचे ते बुडी मारायला. पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना खाली नेऊन आणायचं काम ओरिएलचं. ओरिएल त्याच्या बहिणीची मुलगी. तिला पोहायला त्यानेच शिकवलेलं, तेही धक्क्यावरून ढकलून. धंदा तिचा, होडी त्याची. पाणबुडे खाली असताना वर बसलेल्या तांडेलाने एकच करायचं: बुडबुड्यांवर डोळा ठेवायचा. वर यायची वेळ झाली की ओरिएल खालून एक लांबडा नारिंगी फुगा सोडते, तो पाण्यावर काठीसारखा उभा राहतो. मग तांडेलाने तिकडे जायचं आणि माणसं उचलायची. प्रवाह जोराचा असला तर लगेच जायचं.

त्या शुक्रवारी पाहुणे दोघंच होते, हॉलंडचे विलेम आणि हेस्टर. दर हिवाळ्यात सुट्टीला इथेच यायचे. त्याची पावाची भट्टी होती, आणि ती आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेली. या सुट्टीतली ही शेवटची बुडी, म्हणून हेस्टरने 'दोन बहिणीं'कडे जायचा हट्ट धरला होता. या बहिणी म्हणजे समुद्रातून वर आलेले दोन खडक. त्यांच्या पायथ्याशी मासे भरपूर, आणि प्रवाह लहरी.

बहिणींपाशी पोचून तयारी करताना आल्बनने हेस्टरचा पाण्यातला चष्मा विलेमच्या हातात दिला आणि विलेमचा हेस्टरच्या. दोघांनी हसत अदलाबदल केली. ओरिएल हसली नाही.

"मामा, तुला नीट दिसतं ना?" तिने टाकीचे पट्टे आवळता आवळता विचारलं.

"तू लंगोटात होतीस तेव्हापासून दिसतंय."

"मी आजचं विचारतेय."

"आज तू फार बडबडतेस, हे दिसतंय."

हेस्टर होडीच्या काठावर बसून पायात फिन चढवत होती. "ओरिएल, तुझ्या मामाला छळू नकोस गं," ती म्हणाली. "वर आल्बन आहे म्हटलं की मला खाली झोपसुद्धा लागेल."

"झोपा खुशाल," आल्बन म्हणाला. "उठवायला मी आहेच." तिघं पाठमोरी पाण्यात पडली आणि तो एकटा राहिला.

शांत पाण्यावर डोळ्याच्या कडेने बुडबुडे पकडायचं तंत्र त्याला जमलं होतं. पण त्या दिवशी वारा पडेना, आणि सगळ्या समुद्रावर पांढरे तुरे. थोडा वेळ त्याने बुडबुडे धरून ठेवले. निदान त्याला तसं वाटलं. मग सुटले. त्याने मान डावीकडे वळवून पाहिलं, उजवीकडे वळवून पाहिलं. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणतात ते त्याने मनापासून केलं, पण त्या डोळ्यांत आता तेल घालून उपयोग नव्हता. ओरिएल हुशार आहे, फुगा सोडेल, आणि फुगा काही बुडबुड्यांसारखा पांढरा नसतो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

आणि खरोखरच कडेला नारिंगी चमकलं.

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याने 'पर्ल' सावकाश तिकडे नेली, इंजिन मंद केलं, आणि अंगात आलेल्या आनंदाने बोलायलाच लागला.

"काय हेस्टरबाई, झाली का झोप? कासव दिसलं की नुसतीच वाळू? कोको-टी गरम आहे हं थर्मासमध्ये. विलेम, तुझ्यासाठी घरचे तळलेले बेक्स पण आणलेत, तुझ्या पावासारखे फुगलेले नाहीत, पण दातांना बरे."

कुणी उत्तर दिलं नाही. अजून खालीच असतील, त्याने मनाशी म्हटलं. फुगा सोडल्यावरही वर यायच्या आधी थोडं थांबतात, रक्तातली हवा निवळावी म्हणून. तो थांबला. नारिंगी ठिपका लाटेवर वरखाली होत होता. जागचा मात्र हलत नव्हता. प्रवाह होडीला ढकलत होता, आल्बन सारखा इंजिनाने ती मागे आणत होता, आणि ठिपका आपला तिथल्या तिथेच.

हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने वाकून हात घातला. दोरी लागली, शेवाळलेली, आणि दोरीवर त्याची स्वतःची गाठ. त्याचीच बाटली. बहिणींच्या पलीकडे आपले पिंजरे आहेत हे त्याला ठाऊक होतं, पण होडी अजून बहिणींच्या अलीकडे आहे असं तो धरून चालला होता.

त्याने सरळ उभं राहून चारही बाजूंना तिरकं पाहिलं. पांढरं, निळं, पांढरं.

वायरलेस हाताशी होता. पण वायरलेसवर बोललेलं अख्खं बेट ऐकतं; धक्का ऐकतो, दुकान ऐकतं, चिंचेखालचा बाकही ऐकतो. आल्बन हातात तो धरून उभा राहिला आणि बोलला नाही. किती वेळ, हे त्याने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्या वेळात तो घाबरला होता ते खाली गेलेल्या तिघांसाठी नव्हे, स्वतःसाठी, आणि हे त्याला तेव्हाही कळत होतं. मग त्याने बटण दाबलं.

"'पर्ल'वरून आल्बन बोलतोय. माझे पाणबुडे दिसत नाहीत."

कॉन्रॉयचा आवाज आला. तो पलीकडेच जाळी ओढत होता. "कुठे, बहिणींकडे? फुगा नाही आला वर?"

खरं तर एवढ्यावर भागलं असतं. नाही आला, एवढं म्हटलं की दोष प्रवाहाचा. अशी वेळ चांगल्या चांगल्या तांडेलांवर येते, कुणी तोंडातून ब्र काढला नसता. पण फुगा आला नाही म्हटलं, तर माणसं अजून खालीच आहेत असं धरून सगळे खडकांपाशी शोधत बसणार, आणि ती तिघं तर केव्हाच वाहत निघालेली.

"आला असणार," आल्बन म्हणाला. "मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"मला. दिसत. नाही. कॉन्रॉय, माझे डोळे गेलेत. वर्ष झालं. मी माझ्याच बाटलीजवळ उभा आहे."

वायरलेसवर नुसती खरखर. कॉन्रॉयला उभ्या जन्मात पहिल्यांदा विनोद सुचला नसावा.

"प्रवाह कुठे चाललाय तेवढं सांग," तो शेवटी म्हणाला.

"मावळतीला. मोकळ्या पाण्याकडे."

"तू हलू नकोस. मी निघालो."

आल्बन हलला नाही. बसलाही नाही. त्याच्या बाजूला नारिंगी बाटली लाटेवर नाचत राहिली, आणि तिचा त्याला इतका राग आला की त्याने तिला वल्ह्याने मारलं. ती बुडी मारून पुन्हा वर आली.

कॉन्रॉयच्या होडीचा आवाज परत येताना ऐकू आला तेव्हा त्याने डोकी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "तिघंही आहेत!" कॉन्रॉय लांबूनच ओरडला.  तेव्हा कुठे आल्बन टाक्यांच्या फळीवर बसला आणि त्याला रडू आलं, डोळे त्याने पुसले नाहीत.

तिघं 'पर्ल'वर आली. हेस्टरच्या पोटात समुद्र गेला होता, ती काठावर वाकून ओकत होती आणि विलेम तिची पाठ चोळत होता. जरा बरं वाटल्यावर तिने टॉवेलात गुंडाळून घेतलं.

"आम्ही शिट्ट्या मारत होतो," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "तू दिसत होतास आम्हाला. तुझी पाठ होती."

वारा उलटा होता, त्याच्याकडून त्यांच्याकडे. शिट्टी पोचायला मार्गच नव्हता. पण हे आल्बनने सांगितलं नाही.

ओरिएलने सुकाणू हातात घेतलं. त्याने दिलं नाही, तिने मागितलं नाही. निम्मं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "मामा, तू त्या बाटलीशी काय बोलत होतास?"

"कोको-टी विचारत होतो."

ओरिएलच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की दुसरं काही, ते चेहरा दिसल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

शनिवारी पाहुणे फेरीबोटीवर चढले. विलेमने आल्बनचा हात हातात घेतला, हेस्टरने त्याच्या गालाला गाल लावला. दोघंही चांगल्या मनाची माणसं. 'पुढच्या वर्षी भेटू,' असं दर वर्षी दोनदोनदा म्हणायची. या वर्षी एकदाही म्हणाली नाहीत.

त्या दुपारी आल्बनने पिंजऱ्यांच्या बाटल्या अंगणात आणवल्या. समुद्रातून काढून आणल्या त्या कॉन्रॉयने, आणि ओतून गेला. आल्बन पायरीवर बसून सुरीने रंग खरवडायला लागला. मांडीवर, पायांवर, सगळीकडे नारिंगी पापुद्रे.

ओरिएल फाटकातून आली आणि बघत उभी राहिली. आदल्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"पांढऱ्या केल्यास तर तुला सापडणार कशा?"

"मला कशाला सापडायला हव्यात? पिंजरे कॉन्रॉयला दिले."

"मग खरवडतोस कशाला? त्याला नारिंगी चालतील की."

आल्बनने बाटली फिरवली. "त्याला चालतील गं. पण आता 'पर्ल'वर दुसरा कुणीतरी उभा राहणार. तू खालून फुगा सोडशील." त्याने सुरी पुसली. "तेव्हा तिथे नारिंगी दिसलं, तर ते तूच असायला हवीस."

 ओरिएल खालच्या पायरीवर बसली, ढिगातली एक बाटली उचलली आणि नखाने खरवडू लागली.  मग आल्बनने आपल्या हातातली बाटली तिच्यापुढे धरली.

"बघ, रंग राहिलाय का कुठे?"

"राहिलाय," ती म्हणाली, आणि त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.