फ्यूजवरची चांदी

“त्या पेटीला हात लावू नकोस म्हणून सांगितलं ना!” जेनिवाल म्हातारा तिसऱ्यांदा म्हणाला आणि त्यानं काठी फरशीवर आपटली.

“बाबा, तुम्ही आधी कुसकुस खा. गार झाला की मक्याचं पीठ घशाखाली उतरत नाही, म्हणून पुन्हा माझ्याच नावानं ओरडाल.”

“खातो. तू ते सोड.”

“सोडू कसं? शनिवारी प्रदर्शन आहे. आज गुरुवार.”

“विद्यापीठातल्या लोकांना सांग, पेटी हरवली. सांग, उंदरांनी खाल्ली.”

“पत्र्याची पेटी?”

“आपल्या कँपिना ग्रांदेचे उंदीर काय साधे आहेत?”

झुलेइदे हसली, पण पेटी तिनं पुढे ओढलीच. बापाचा हा जुना हट्ट तिच्या ओळखीचा होता. लेकीला जुनी जखम पुन्हा दुखू नये म्हणून म्हातारा इतकी वर्षं त्या पेटीवर पहारा करतो, असं तिला वाटायचं. तिला त्याची मायाच वाटायची.

घराची पुढची खोली हीच तिची कार्यशाळा. दारावर पाटी होती, ‘जुन्या कंप्युटरचे पॉवर सप्लाय दुरुस्त करून मिळतील’, आणि ती वाचून गल्लीतले लोक पहिली काही वर्षं हसत होते. जुना कंप्युटर कोण दुरुस्त करतं? पण करणारे निघाले. ज्यांनी लहानपणी टीव्हीला जोडून त्या जाडजूड कीबोर्डसारख्या यंत्रांवर खेळ खेळले, ते आता टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ झाले होते आणि माळ्यावरून आपलं बालपण खाली काढत होते. यंत्र बहुधा धडधाकट असायचं. मेलेला असायचा त्याला वीज पुरवणारा डबा. कपॅसिटर फुगलेले, तळाशी चिकट काळं पाणी, आत भरलेलं डांबर तडकलेलं. जुना डबा पोकळ करून झुलेइदे त्यात नवं काळीज बसवायची. बाहेरून डबा जुनाच दिसला पाहिजे, ही गिऱ्हाइकांची अट.

तिची स्वतःची अट एकच. पार्सल उघडायच्या आधी ती फोन करून विचारायची, “कुठल्या गावचा?”

कारण या देशात भाषा एक, नोटा एक, फुटबॉलचा संघ एक; वीज मात्र दोन जातींची. साओ पाउलोत आणि रिओत एकशेदहाची, इथे दोनशेवीसची. तिकडून आलेला मिक्सर, रेडिओ, इस्त्री इथल्या भिंतीत खुपसली की एक आवाज येतो आणि मग घरभर वास सुटतो. असं एकदाही केलं नाही असं घर गल्लीत सापडायचं नाही. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी झुलेइदे प्रत्येक पिनेवर लाल नेलपॉलिशनं आकडा लिहायची, मगच डबा परत पाठवायची.

तिचं तोंड पोळलं ते बाराव्या वर्षी.

बाप तेव्हा साओ पाउलोत गवंडीकाम करायचा. दहा महिने विटा वाहून, एक वेळचं जेवण चुकवून त्यानं लेकीसाठी कंप्युटर घेतला होता. मुलगी हिशेबात हुशार आहे असं शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, तेवढंच कारण. तीन दिवसांच्या बसप्रवासात खोकं मांडीवर घेऊन तो आला, संध्याकाळी कँपिनाला उतरून बेन्तो नावाच्या मित्राकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं गावी पोचला. सकाळी तो घोरत होता. झुलेइदेला दम निघेना. तिनं खोकं उघडलं, पिन भिंतीत लावली, बटण दाबलं. वीज पुरवणाऱ्या पेटीतून आधी गुरगुर आली, मग धूर. आई धावत आली आणि जे ओरडली ते आख्ख्या गावानं ऐकलं, “बापाचे दहा महिने जाळलेस गं!”

बाप उठून बसला. धुराकडे बघत राहिला आणि एक अक्षर बोलला नाही. त्याच्या या न बोलण्याची गोष्ट पुढे घरात, नात्यात, चर्चच्या पायरीवर किती वेळा सांगितली गेली त्याला गणती नाही. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. आणि लेक त्याच महिन्यात ओतासिलिओच्या रेडिओच्या दुकानात जाऊन बसली. जे जाळलं ते दुरुस्त करायला शिकायचं म्हणून.

शिकली. अडतीस वर्षांत लोकांचे शेकड्यांनी डबे जिवंत केले. ती एक जळकी पेटी मात्र ट्रंकेतून काढली नाही. धीरच झाला नाही. पण गेल्या वर्षी काचबिंदूनं म्हाताऱ्याची नजर गेली, आता त्याला उजेड आणि सावली एवढंच कळे. तेव्हा तिच्या मनानं घेतलं की पूर्ण अंधार व्हायच्या आत, ज्याच्यासाठी बापानं विटा वाहिल्या तो पडदा एकदा तरी त्याच्यासमोर उजळला पाहिजे. विद्यापीठातला क्लेबर प्रोफेसर जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरवत होता. त्यानं मानानं विचारलं, “दोना झुलेइदे, तुमचा स्वतःचा कंप्युटर नाही का?” ती पटकन “आहे” म्हणून बसली.

पेटीच्या मागच्या अंगाला फ्यूजचं बोंडाएवढं टोपण होतं. गंजानं धरलं होतं. तेलाचा थेंब सोडून तिनं ते फिरवलं. आतून काचेची नळी घरंगळून तळहातावर आली.

नळीवर चांदी गुंडाळलेली होती. सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाची.

असला प्रकार तिनं हजारदा पाहिला होता. फ्यूज उडाला की इथले लोक चांदी गुंडाळतात, तार पिळतात, बायकोच्या केसातली पिन खुपसतात. याला इथे गांबियारा म्हणतात. असला जुगाड ज्याला जमत नाही त्याला कुणी पुरुष म्हणत नाही. पण ही पेटी नवी कोरी आली होती. त्या सकाळनंतर आईनं ती ट्रंकेत टाकून कुलूप लावलं होतं.

तिनं नखानं चांदी उलगडली. आतल्या नळीची बारीक तार तुटलेली होती. म्हणजे तिनं पिन लावायच्या आधीच फ्यूज एकदा उडाला होता. तो उडालेलाच राहिला असता, तर त्या सकाळी काहीच झालं नसतं. यंत्र लागलं नसतं, एवढंच. कुणीतरी जाणत्यानं पेटीमागचं बटण दोनशेवीसवर सरकवलं असतं, नवा फ्यूज घातला असता आणि संपलं असतं. चांदीनं विजेला वाट करून दिली, म्हणून पेटी जळाली.

घरात सिगारेट ओढणारा माणूस एकच होता.

झुलेइदेचे कान तापले. तिला कंप्युटर आठवला नाही, पंधरावा वाढदिवस आठवला. वस्तीतल्या प्रत्येक पोरीला त्या दिवशी घेरदार झगा मिळतो, बाप तिच्याबरोबर नाचतो. आईनं कापड आणायचं काढलं, तेव्हा ती म्हणाली होती, “नको. मी आधीच खूप जाळलंय.” हे तिनं बापासमोर म्हटलं होतं.

ती उठली. म्हाताऱ्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि त्याच्या तळव्यावर ती नळी आणि चांदी ठेवली.

“काय गं हे?”

“तुम्हीच सांगा.”

चाळीस वर्षं विटा-चुन्यात घासलेली बोटं त्या तुकड्यावरून फिरली. एकदा, मग पुन्हा एकदा.

“बेन्तोच्या घरी,” जेनिवाल शेवटी म्हणाला. “दोघांनी घेतली होती थोडी. मी म्हटलं, एकदा लावून बघू. पोरीसमोर मला नीट लावता आला पाहिजे, नाहीतर म्हणेल बापाला काही येत नाही. लावला आणि टप् झालं. बेन्तो म्हणाला, घाबरतोस काय, फ्यूज आहे, चांदी गुंडाळ. गुंडाळली. पुन्हा लावणार, तेवढ्यात त्याची बायको झाडू घेऊन आली. म्हणाली, आणखी एक आवाज झाला तर दोघंही रस्त्यावर.”

“आणि आपल्या घरी, त्या सकाळी?”

“सकाळी तू माझ्याआधी उठलीस.”

“मी बारा वर्षांची होते, बाबा.”

“हो.”

“मी झगा नको म्हणाले होते. आठवतंय?”

“रोज आठवतं.”

“मग एक शब्द! एक शब्द बोलला असतात तर काय जीभ झडली असती?”

“त्या दिवशी धुराला घाबरून गप्प बसलो. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुझी आई विहिरीवर सांगत होती, बघा माझा नवरा, पोरीला बोटही लावलं नाही. मग पाद्री म्हणाला, मग तुझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या. झुलेइदे, आयुष्यभर मी परांचीवर चढलो आणि उतरलो. पण लोकांनी त्या मोठेपणावर चढवला, तिथून उतरायला मला शिडीच सापडली नाही. पुढे तू कारागीर झालीस. मी मनाला म्हटलं, बघ, भलंच झालं. चोराची समजूत, दुसरं काय!”

ती मागच्या अंगणात गेली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासत मोठ्यानं रडली. रडणं झाकलं नाही. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली, तेव्हा झुलेइदे तिला म्हणाली, “कांदा नाही, बाप आहे,” आणि पुन्हा घासायला लागली.

तासाभरानं परत आली तेव्हा म्हातारा तसाच बसला होता, मूठ मिटून.

“राग गेला असं समजू नका,” ती म्हणाली. “उद्याही राहील. परवाही राहील. पण पेटी आजच व्हायला हवी. द्या तो फ्यूज इकडे, नव्याचं माप घ्यायचंय.”

जळका ट्रान्सफॉर्मर तिनं कापून काढला. आतला कोळसा ब्रशनं झाडला, नवं काळीज बसवलं, डाग दिले, मीटरचे काटे टेकवले. पाच व्होल्ट. बारा व्होल्ट. पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. मग श्वास धरून तार कंप्युटरला जोडली. त्याच्या कोपऱ्यात लाल दिवा लागला.

“काय झालं?” कामाचा आवाज थांबल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं.

“दिवा लागला.”

“पण ते तर जळालं होतं ना?”

“पेटी जळाली होती. हे यंत्र नुसतं उपाशी होतं.”

जेनिवालनं तोंड फिरवलं. तिनंही टीव्ही जोडला नाही, मुद्दामच. पडदा शनिवारी, असं तिनं ठरवलं होतं, आणि रागात ठरलेलं बदलायची तिची पद्धत नव्हती.

शनिवारी सभागृहात तीस-बत्तीस यंत्रं मांडली होती. निम्म्याहून अधिकांच्या पिनेवर लाल नेलपॉलिश होतं. माणसं खूप होती. क्लेबर प्रोफेसर एकेका टेबलाशी थांबून लोकांना माहिती देत होता. या टेबलाशी आल्यावर तो खुलला.

“आणि ही आमच्या दोना झुलेइदेंची कथा! बारा वर्षांच्या असताना यांनी स्वतःच्या हातानं हा कंप्युटर जाळला—”

ही कथा त्याला तिनंच कधीतरी सांगितली होती. बापाकडे तिनं बघितलं नाही.

“खोटं आहे,” खुर्चीतून आवाज आला.

जेनिवाल काठीवर भार टाकून उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, वरचं बटणसुद्धा लावलेलं. “माफ करा, प्रोफेसर. मी जेनिवाल, हिचा बाप. हा मी जाळला. घरी पोचायच्या आदल्या रात्री दारू पिऊन फ्यूजला चांदी लावली मी. पोरीनं नुसतं बटण दाबलं. अडतीस वर्षं तिच्या नावावर खपवलं. तुम्ही ज्यांना ज्यांना ते सांगितलंत, त्यांना आता हे सांगा.”

कुणी खोकलं. मागून एक बाई म्हणाली, “देवा रे!” झुलेइदेचा राग होता तिथेच होता, पण त्याच्या शेजारी आता आणखी कुणीतरी येऊन बसलं होतं.

तिनं बापाचा हात धरून बटणावर ठेवला. “दाबा.”

“मी?”

“मग काय बेन्तो काका येणारेत?”

त्यानं दाबलं. टीव्ही खरखरला आणि निळा झाला.

“उजेड आला,” म्हातारा म्हणाला. “कुठला रंग?”

“निळा.”

“काय लिहिलंय?”

“ओके.”

“आणि पुढे?”

“पुढे काही नाही. आता आपण लिहायचं. काय लिहू?”

जेनिवाल थोडा घुटमळला. “माझं नाव लिही बघू. ओळखतं का ते.”

तिनं एकेक अक्षर दाबलं. जे-नि-वा-ल. ही यंत्रं फक्त आज्ञा ओळखतात, माणसांची नावं नाही. पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द उमटले.

“काय म्हणतंय?”

ती अडखळली. “चूक आहे म्हणतंय.”

म्हाताऱ्याला पोटातून हसू फुटलं, काठी हलायला लागली, बंद डोळ्यांतून पाणी आलं. “बरोबर ओळखलं की गं! बाकी कुणी म्हणालं नाही ते!”

लोक हसले. झुलेइदेनं बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. चुकीच्या खाली, एक ओळ सोडून, यंत्रानं आपलं आपण पुन्हा ‘ओके’ लिहिलं होतं.

तेही तिनं त्याला वाचून दाखवलं.